गोण्या वाचणारे तपासनीस

लहान शहरांच्या आर्थिक विकासासाठी राज्य शासन जे अनुदान देते, ते मागण्याचीही एक विद्या आहे. ती मला ज्या गृहस्थांकडून मिळाली, त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही. लिहिले, तर ते हा लेख टपालाने मला परत पाठवतील आणि समासात शेरा देतील, ‘संबंधिताचे संमतिपत्र जोडलेले नाही.’ आम्ही सगळे त्यांना तपासनीस म्हणत असू. सध्या ते नागपूरला लेकीकडे राहतात, आणि तिथल्या महानगरपालिकेला त्यांची पत्रे जाऊ लागली असतील, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

माझ्याविषयी दोन शब्द सांगणे क्रमप्राप्त आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि बेलापूरला सरकारी कचेऱ्यांच्या बाजूस, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीलगत माझे टेबल गेली कित्येक वर्षे आहे, आणि घाटावरच्या व घाटाखालच्या अनेक नगरपंचायतींनी शासनापुढे जे तोंड उघडले ते माझ्या लेखणीतून उघडले, हे नम्रपणे नमूद करतो. पदवीधर माणसेही माझ्याकडे मसुदा घेऊन येतात. मी त्यांना बसायला स्टूल देतो आणि त्यांच्या मसुद्यातले अर्धे काढून टाकतो.

तपासनीस सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी उगवले. ज्या कार्यालयात लहान शहरांचे अनुदानाचे प्रस्ताव छाननीला येत, तिथे त्यांनी सारी नोकरी केली होती. निवृत्तीचा पहिला दिवस त्यांनी घरी काढला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्यांना बाहेर घालवले, कारण सकाळच्या पोह्यांवर त्यांनी तीन मुद्द्यांचा शेरा दिला होता.

मी त्या वेळी एका दुष्काळी पट्ट्यातल्या नगरपंचायतीचा प्रस्ताव तपासत होतो. तिथले नगरसेवक समोर बसले होते. तपासनीस माझ्या खांद्यावरून वाकून वाचू लागले.

“समुद्र कुठाय?” त्यांनी विचारले.

“कसला समुद्र?” मी म्हणालो.

“पान चार. ‘समुद्रकिनाऱ्याच्या सुशोभीकरणामुळे स्थानिक रोजगारास चालना मिळेल.’ यांच्या गावाला टँकरने पाणी जातं.”

नगरसेवक ओशाळून म्हणाले, “सल्लागारानं दिलंय साहेब. त्यांचा तयार मजकूर असतो.”

“मग आधी समुद्र मंजूर करून घ्या. किनाऱ्याचं पुढच्या वर्षी बघू.”

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या टेबलाची डावी बाजू ताब्यात घेतली. मोबदला घ्यायचे नाहीत. चहा घ्यायचे, पण प्रस्तावातली पहिली त्रुटी सापडल्याखेरीज कपाला हात लावायचे नाहीत. चहा निवल्याचे मी कधी पाहिले नाही.

त्यांच्या सानपाड्याच्या सोसायटीतल्या कथा मी ऐकून होतो. इमारतीला रंग देण्याचा ठराव आला, तेव्हा त्यांनी ‘सद्यःस्थितीची छायाचित्रे चारही दिशांनी जोडावीत’ अशी हरकत घेतली होती, आणि सेक्रेटरी कंटाळून राजीनामा देऊन मोकळा झाला होता. शेजारच्या मुलीची लग्नपत्रिका त्यांनी परत केली, ती या शेऱ्यासह : ‘मुहूर्ताची वेळ आहे, भोजनाची नाही. पूर्तता करून फेरसादर करावी.’ गंमत अशी की शेजाऱ्यांनी पत्रिका खरोखर पुन्हा छापली.

परंतु हे सारे वरवरचे. खरा माणूस समजून घ्यायचा, तर त्यांच्याबरोबर सकाळी वाशीच्या एपीएमसी मार्केटात जायला हवे होते. मी गेलो आहे. ते खरेदीला जात नसत. ते गोण्या वाचायला जात. ट्रकमधून उतरलेल्या प्रत्येक गोणीवर, खोक्यावर, क्रेटवर कुठल्या ना कुठल्या गावाचे नाव असते. शाईने, रंगाने, कधी खडूने. तपासनीस कांद्याच्या गाळ्यापासून सुरुवात करत आणि फळांच्या धक्क्यावर संपवत, आणि एका लांबट वहीत गावाचे नाव व माल टिपून घेत. नोकरीत असतानाही रोज कचेरीला जाण्याआधी हा त्यांचा नेम असे.

“काका, काय पायजे?” नवा गाळेवाला विचारी.

“काही नको. वाचतोय.”

“टॅक्सवाले काय तुमी?”

“नाही हो. तुमची गोणी वाचतोय. ती फाटली आहे.”

त्यांचे म्हणणे साधे होते. कागदावर कुठलेही गाव ‘उदयोन्मुख व्यापारी केंद्र’ असते. पण गोणीवर नाव लिहायला आधी गोणी भरावी लागते. म्हणून नगरपंचायतीचे कुणीही आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “तुमच्या गावातून सकाळी काय बाहेर जातं?” एकदा एक नगराध्यक्ष बराच वेळ विचार करून म्हणाले, “पोरं जातात साहेब, पुण्याला.” तपासनिसांनी तेही वहीत लिहून घेतले, आणि त्या गावासाठी अभ्यासिकेऐवजी वेल्डिंगचे प्रशिक्षण मागायला लावले. ते मंजूरही झाले.

मला या माणसाचा राग येत असे, हे मी लपवत नाही. माझी उत्तमोत्तम वाक्ये त्यांनी खोडली. ‘विकासाची गंगा दारोदारी नेण्यास कटिबद्ध’ हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला होता. त्यावर त्यांनी विचारले, “गंगेचं अंदाजपत्रक जोडलंय का?”

आता मुख्य हकिगत सांगतो.

डोंगराच्या पायथ्याच्या एका लहान नगरपंचायतीच्या अध्यक्षबाई माझ्याकडे आल्या. चाळिशीच्या, अंगाने काटक, हातावर बारीक कापल्याच्या खुणा. टोपल्या विणणाऱ्या घरातल्या. त्यांच्या गावात बसस्टँडशेजारी एक मोकळे मैदान आहे, आणि गावातली टोपल्या विणणारी सगळी घरे तिथे उघड्यावर बसून काम करतात. पावसाळ्यात बांबूला बुरशी धरते, काम थांबते, आणि माणसे वीटभट्टीची उचल घेऊन निघून जातात. बाईंना त्या मैदानावर अनुदानातून छप्पर हवे होते. आणि घाई होती, कारण त्याच मैदानावर वाहनतळ करण्याचा ठराव दुसऱ्या गटाने तयार ठेवला होता.

“या वर्षी मंजुरी नाय आली तर मैदान गेलं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मग आमी कुठं बसायचं ते कोन सांगनार नाय.”

तपासनिसांनी नेहमीचा प्रश्न विचारला. गावाचे नाव ऐकले, वही चाळली, आणखी एक वही चाळली, आणि मान हलवली.

“बाई, तुमच्या गावाची गोणी मी आजवर पाहिली नाही. एकसुद्धा.”

“असंच लिहून आलं व्हतं मागं पन,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइलमधून एक जुने, घडीवर फाटत आलेले पत्र काढले. “माझे सासरे सरपंच व्हते तेव्हाचं. त्यांनी फ्रेम करून लावलं व्हतं घरात. आल्यागेल्याला दाखवायचे, बघा, आपन नाय आहोत असं सरकारनं लिहून दिलंय. लय हसायचे.”

मी पत्र हाती घेतले. ‘सदर गावी कोणतेही उल्लेखनीय उत्पादन आढळून येत नाही. सबब प्रस्ताव परत.’ आणि खाली सही. ती सही मी रोज पाहत होतो. माझ्या मसुद्यांच्या समासात. मी शांतपणे त्या सहीवर पेपरवेट ठेवला.

तपासनिसांनी तो उचलून बाजूला केला.

“ही सही माझी आहे,” ते म्हणाले.

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आता काहीतरी फेकून मारतील. त्या म्हणाल्या, “मग तुमी आले व्हते काय गावात?”

“नाही.”

“मग आढळलं नाय ते कुठं?”

 तपासनीस वही मिटून एवढेच म्हणाले, “गोणी दाखवा.”

“उद्या सकाळी या मार्केटात,” बाई म्हणाल्या. “दावते.”

बाई रात्री रबाळ्याला भावाच्या खोलीवर राहिल्या आणि सकाळी आमच्या आधी वाशीला हजर होत्या. भाजीच्या धक्क्यावर माथाडी कामगार डोक्यावर बांबूच्या पाट्या घेऊन धावत होते. बाईंनी एकाची रिकामी पाटी मागून घेतली आणि उलटी केली. बुडाला कामट्यांची एक आडवी पट्टी दुहेरी विणलेली होती, शिवणीला टीप मारावी तशी.

“ही आमची,” बाई म्हणाल्या. “वजनाला बुड सुटू नये म्हनून आमच्याकडं दुहेरी पट्टी घालतात. दुसरीकडं एकेरी असते.” मग त्या पानवाल्यांकडे गेल्या. विड्याच्या पानांची करंडी उलटी. दुहेरी पट्टी. फुलवाल्याची टोपली उलटी. दुहेरी पट्टी. “आमच्या गावाचं नाव वर कसं येनार साहेब? वर दुसऱ्यांचा माल असतो.”

तपासनिसांचा चेहरा मी विसरणार नाही. क्षणभर त्यातले सगळे निघून गेले, आणि मग तो असा उजळला, की मी त्यांचा हात धरला, माणूस पडेल म्हणून. पण ते पडले नाहीत. सुटले. ज्या धक्क्यावर ते इतकी वर्षे नावे वाचत हिंडले, तिथे ते आता एकेक पाटी उलटी करत निघाले.

“ओ काका, भेंडी हाय त्यात.”

“चाचा, टोकरी छोडो. माल गिर रहा है.”

“अरे ह्यांना आवरा कोनीतरी.”

“दुहेरी,” तपासनीस मला ओरडून सांगत होते. “लिहा. हीपण दुहेरी. ही एकेरी, सोडा. ही दुहेरी. अहो, लिहिताय ना?”

मी लिहीत होतो. माझा हात इतका जलद कधीही चालला नव्हता. बाई त्यांच्या मागून सांडलेली भेंडी गोळा करत येत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. प्लास्टिकच्या क्रेटांनी अर्धे मार्केट व्यापले असले, तरी उरलेल्या अर्ध्यात जिकडे तिकडे त्या एका गावाचे काम होते. राज्यभरातल्या गावांची नावे ज्यांनी पाठ केली, त्या माणसाने ती नावे कशात बसून येतात हे पाहिलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही प्रस्ताव लिहिला. असा प्रस्ताव माझ्या हातून पुन्हा होणे नाही. पाट्यांच्या बुडांची छायाचित्रे, गाळेवाल्यांच्या सह्या, माथाडींचे अंगठे. तपासनिसांनी माझे एकही वाक्य खोडले नाही, कारण या वेळी मला सजवायला काही उरलेच नव्हते. जुने पत्रही त्यांनी जोडायला लावले. मी म्हणालो, “कशाला? तुमचीच शोभा.” ते म्हणाले, “पत्रव्यवहार संपूर्ण जोडायचा असतो.”

प्रस्ताव पुढे सरकला आणि स्थळपाहणीचा दिवस लागला. कार्यालयातून एक अधिकारी मॅडम गावात येऊन मैदान पाहणार, आणि त्यांच्या अहवालावर सगळे ठरणार. तपासनिसांनी बाईंना फोनवर तीनदा बजावले, “जसं आहे तसं ठेवा. काहीही करू नका.”

बाई तीनदा “हो साहेब” म्हणाल्या.

आम्ही दोघे स्वखर्चाने गेलो. एसटीतून उतरलो आणि मैदान पाहून माझी छाती अभिमानाने भरून आली. काय मैदान होते ते. शेण घालून सारवलेले, कडेला चुन्याची रेघ, मधोमध मांडव, त्यात लाल जाजम, खुर्च्यांना पांढरे झगे, दारात गालिच्यासारखी रांगोळी. बांबूचा ढीग नाही, कामट्यांचा कचरा नाही, आणि एकही टोपली विणणारा माणूस नाही. बाई नवी साडी नेसून सामोऱ्या आल्या.

तपासनीस खालच्या आवाजात म्हणाले, “हे काय केलंत? मी म्हटलं होतं ना, काही करू नका?”

“तसं पाव्हने म्हनतातच, साहेब,” बाई म्हणाल्या. “म्हनून करायचं नाय असं असतं काय?”

“आणि माणसं?”

“घरी बसवलीत. मॅडम यायच्या, आनि समोर हा पसारा. बरं दिसतं काय?”

तपासनीस कपाळाला हात लावतात तोच गाडी आली. मॅडम तरुण होत्या, घाईत होत्या, आणि हाती टॅब होता. त्यांनी मैदानाला एक फेरी मारली, चार दिशांनी छायाचित्रे घेतली आणि विचारले, “इथे काम कुठे चालतं?”

“इथंच,” बाई म्हणाल्या.

“मला तर काही दिसत नाही.” आणि त्या टॅबवर लिहू लागल्या.

ते वाक्य काय असणार, हे मला ठाऊक होते. बाईंनाही कळले. त्यांचा हातातला नारळ तसाच राहिला. मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या गटाच्या नगरसेवकाने गळ्यातला हार सारखा केला.

तेव्हा तपासनीस पुढे झाले. हातात कुठलाही अधिकार नसलेला, घामाने भिजलेला निवृत्त माणूस.

“मॅडम, तुमच्या फाइलच्या शेवटी एक जुनं पत्र आहे. ‘काही आढळून येत नाही.’ ते मी लिहिलं. मी न येता लिहिलं. तुम्ही आलात, हे माझ्यापेक्षा चांगलं केलंत. पण आज गाव आलेलं नाही. त्याला घरी बसवलंय, तुमचा मान राखायला. अर्धा तास द्या.”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिले, टॅबकडे पाहिले. “मला पुढे अजून दोन गावं आहेत, काका. वीस मिनिटं.”

बाईंनी नारळ माझ्या हातात दिला, नव्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन हाक मारली. ती हाक डोंगरापर्यंत गेली असेल. दारे उघडली. बाया, बुवा, म्हातारी माणसे कोयते घेऊन बाहेर आली आणि मैदानात येऊन थबकली. सगळ्यांत पुढची म्हातारी म्हणाली, “बसतो गं बाय, पन विनू काय? आमचे सगळे बांबू तर तू मांडवाला लावलेस.”

 मग बाई मांडवाच्या पुढच्या खांबाशी गेल्या आणि त्यांनी सुतळीची गाठ सोडली.

“ओ अध्यक्ष,” मांडववाला धावत आला, “वर कापड हाय, खाली येईल ना सगळं.”

“येऊ दे. सरका तुमी.”

आणि मांडव उतरला. मी आयुष्यात अनेक मांडव उभारताना पाहिले, पण असा उतरताना पाहिला नाही. कुणी कापड ओढले, कुणी आडवे बांबू घेतले. खांब निघाले तसे उभे चिरले गेले. हिरव्या बांबूचा तो वास, कामट्या फाटण्याचा तडतडाट, लाल जाजमावर पडणारा भुसा. दहा मिनिटांत रांगोळीवर माणसे बसली होती आणि पाट्यांची बुडे आकार घेत होती. मॅडम उन्हात उभ्या. कुणीतरी त्यांना झगा घातलेली खुर्ची दिली. ती बाजूला सारून त्या म्हातारीसमोर जमिनीवर बसल्या.

“ही पट्टी दुहेरी का घालता, आजी?”

“ओझं काय आपलं असतं व्हय?” म्हातारी हात न थांबवता म्हणाली. “दुसऱ्याचं असतं. सांडलं तर बोल आमाला.”

वीस मिनिटांचा दीड तास झाला. मॅडमनी आधी लिहिलेले पुसले आणि नव्याने लिहिले. प्रस्तावाची भाषा स्वच्छ आहे, असेही त्या म्हणाल्या. हे मी ऐकले, आणि आणखी दोन माणसांनी ऐकले आहे. परतीच्या एसटीत तपासनीस मुलासारखे बडबडत होते, “पाहिलंत? खांब काढला आणि तोच विणला. पाहिलंत ना?” मी नारळ मांडीवर घेऊन बसलो होतो. तो परत द्यायचा राहूनच गेला.

मंजुरीचा आदेश मार्च संपण्याच्या आत निघाला. मला तो कचेरीतल्या ओळखीने आधी कळला आणि मी टेबलावरूनच बाईंना फोन लावला. तपासनीस जवळच होते. मी त्यांना म्हणालो, “बातमी तुम्हीच सांगा. तो मान तुमचा.” त्यांनी फोन कानाला लावला, घसा साफ केला, आदेश क्रमांकापासून वाचायला सुरुवात केली. पलीकडून बाईंचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

“छपराचं ना? झालं काय? बरं झालं, साहेब. लय बरं झालं. सगळ्यांस्नी सांगते. जरा थांबा हां, बुड धरलंय, हात गुंतलाय माझा.”

त्यांनी फोन बाजूला ठेवला असावा, कारण तो बंद झाला नाही. आदेशाची अजून दोन पाने वाचायची बाकी होती. तपासनिसांनी ती वाचली नाहीत. ते कानाला फोन लावून उभे होते, आणि मला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येत होते, पलीकडे कुणीतरी कामट्या काढत होते, एकामागून एक.

“काय म्हणतात?” मी विचारले.

त्यांनी मला हाताने गप्प केले.